संवाद ऐकू यावेत म्हणून घेतलेला साउंडबार: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या टीव्हीचं चित्र सुरेख आहे, तक्रार होती ती आवाजाची. पात्रं बोलायची, पण काय बोलली ते कळायचं नाही. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर यायचं आणि कमी केला की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय म्हणाला तो?" बजेट बेताचं होतं, त्यामुळे साउंडबार (टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची लांब पट्टी) निवडताना एकच निकष ठेवला: संवाद स्पष्ट ऐकू आले पाहिजेत. एवढ्या महिन्यांनंतरही मला तोच निकष योग्य वाटतो.

टीव्ही जसजसे सडपातळ झाले तसतशी आतल्या स्पीकरची जागा आक्रसली. बहुतेक टीव्हींमध्ये त्यांची तोंडं खाली किंवा मागे असतात, त्यामुळे आवाज टेबलावर नाहीतर भिंतीवर आपटून आपल्यापर्यंत येतो. बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो, पण शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे. ती बरीचशी २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास आणि 'स', 'श' सारखी त्याच्याही वर असतात. आवाज असा वळसा घालून आला की पहिला फटका त्यांनाच बसतो. बारचे स्पीकर सरळ आपल्याकडे तोंड करून असतात आणि अर्धा फरक तिथेच पडतो.

उरलेला फरक मधल्या स्पीकरचा. २.१ म्हणजे डावा, उजवा आणि सबवूफर (खर्जातल्या आवाजाचा वेगळा स्पीकर), ३.१ मध्ये यांच्याबरोबर मध्ये एक स्वतंत्र स्पीकर असतो. चित्रपट आणि मालिकांच्या ५.१ आवाजात, म्हणजे पाच स्पीकर आणि सबवूफरसाठी वेगवेगळ्या चॅनेलमध्ये (आवाजाच्या वाटांमध्ये) विभागलेल्या आवाजात, संवाद प्रामुख्याने या मधल्या चॅनेलवरच असतात. तो स्वतंत्र असला तर संगीताला हात न लावता फक्त बोलणं वर आणता येतं. माझ्या बारवर या मधल्या स्पीकरची पातळी वेगळी बदलता येते. मी ती दोन पायऱ्या वर नेली, त्यानंतर घरात सबटायटल लावायची सवयच मोडली. २.१ बारमध्ये 'व्हॉइस' किंवा 'डायलॉग' नावाचं बटण असतं. तेही उपयोगी आहे, पण ते आवाजाचा मधला पट्टाच उचलतं, त्यामुळे गाणी नाकात गायल्यासारखी लागतात.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यांनी मात्र भुलू नका. ते बऱ्याचदा सगळ्या स्पीकरांची कमाल शक्ती एकत्र करून छापलेले असतात. शिवाय वॅट दुप्पट झाले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे शक्ती दहापट हवी. स्वस्त बारवरच्या ॲटमॉसच्या (आवाज डोक्यावरूनही आल्यासारखा वाटायला लावणाऱ्या डॉल्बीच्या तंत्राच्या) शिक्क्याचंही तसंच. वर तोंड केलेले स्पीकर नसतील तर तो परिणाम फक्त प्रक्रिया करून भासवलेला असतो. तोच पैसा मधल्या स्पीकरवर घालवलेला बरा.

जोडणीसाठी एचडीएमआय एआरसी, म्हणजे एचडीएमआय वायरनेच टीव्हीचा आवाज बारकडे पाठवण्याची सोय, असलेलाच बार घ्या. ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे, त्यामुळे बऱ्याच जुन्या टीव्हीवरही सापडेल. फक्त वायर 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टमध्येच लावायची. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना चालवण्याची सोय) चालू ठेवलं की बार टीव्हीबरोबर चालू-बंद होतो आणि आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो. घरातल्या ज्येष्ठांच्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे, आमच्याकडे बारचा रिमोट कित्येक दिवस खणात पडून असतो. ऑप्टिकल वायरने आवाज चांगला येतो, पण सीईसीची सोय मिळत नाही. ब्लूटूथ गाण्यांपुरतं ठीक. टीव्हीला लावलं तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

इथे एक सेटिंग बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. टीव्हीच्या 'डिजिटल ऑडिओ आउटपुट'मध्ये 'पीसीएम' निवडलेलं असेल तर एआरसीवरून दोनच चॅनेल जातात. मग मधल्या स्पीकरला स्वतंत्र संवाद मिळतच नाहीत, बार अंदाजाने वाटणी करतो. तिथे 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' निवडा. आमच्याकडे ते बदलल्यावर बातम्यांमध्ये फारसं काही जाणवलं नाही, पण चित्रपटात गर्दीच्या प्रसंगातलं बोलणं एकदम मोकळं झालं.

सबवूफर वायरलेस आहे म्हणजे बारपासून त्याला वायर नाही एवढंच. विजेचा प्लग त्याच्याजवळ लागतोच. कोपऱ्यात तो घुमायचा आणि पुरुषी आवाज जड व्हायचे. भिंतीपासून हातभर पुढे ओढला, पातळी उतरवली, आणि घुमणं गेलं. रात्री 'नाइट मोड' लावतो. त्यात मोठे आवाज दबतात, बारीक आवाज वर येतात आणि शेजाऱ्यांपर्यंत दणका जात नाही.

तक्रारी आहेत. बारवर आकडे दिसत नाहीत, नुसते दिवे लुकलुकतात, त्यामुळे कोणता मोड चालू आहे ते लक्षात ठेवावं लागतं. आवाज अगदी बारीक असला तर बार कधीकधी शांतता समजून झोपी जातो. टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की एखादवेळी एआरसी बार ओळखत नाही. दोन्हींचे प्लग काढून काही मिनिटांनी लावले की गाडी रुळावर येते. आणि घेण्याआधी टीव्हीच्या खालच्या कडेपासून टेबलापर्यंतची उंची नक्की मोजा. बार उंच निघाला तर टीव्हीचा रिमोट सेन्सर झाकला जातो.

गाण्यांसाठी म्हणाल तर कामापुरता आहे. डावे-उजवे स्पीकर एकाच पट्टीत जवळजवळ बसवलेले असल्यामुळे गाण्याचा विस्तार जाणवत नाही. मुख्य ओढ संगीताची असेल तर त्याच पैशात दोन सुटे स्पीकर घ्या. टीव्हीसाठीच घेत असाल तर दुकानात स्फोटांचा डेमो ऐकू नका. दोन माणसं हळू आवाजात बोलताहेत आणि मागे संगीत चालू आहे असा प्रसंग लावायला सांगा, आणि घरी ठेवता तेवढ्याच आवाजात ऐका.