सिप्रीचा शस्त्रव्यवहारांचा डेटाबेस: फुकट आणि भक्कम, पण आकडे डॉलरमध्ये वाचू नका

दर मार्चमध्ये वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते: शस्त्रआयातीत भारत जगात पहिला, नाहीतर दुसरा. तिच्या मुळाशी स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या 1966 साली स्थापन झालेल्या शांतता-संशोधन संस्थेचा डेटाबेस असतो. नोंदी 1950 पासूनच्या आहेत, पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही. लंडनच्या आयआयएसएस या संरक्षण-अभ्यास संस्थेचे ‘मिलिटरी बॅलन्स’ हे वार्षिक विकत घ्यावे लागते आणि ते सांगते वेगळेच: कोणत्या सैन्याकडे आज काय आहे. कोणी कोणाला काय दिले, हे पाहायचे तर सिप्रीच. मात्र बातमीदारांपासून पीएचडीवाल्यांपर्यंत अनेक जण त्यात नको तिथून शिरतात आणि चुकतात.

आत दोन मुख्य दालने आहेत. एक मूल्यांचे कोष्टक, दुसरे व्यवहारांची नोंदवही, म्हणजे ट्रेड रजिस्टर. लोक थेट कोष्टकाकडे धावतात, कारण तिथे लगेच आलेख निघतो. सुरुवात नोंदवहीपासून करावी. पुरवठादार रशिया, घेणारा भारत, कालावधी 2010 ते 2024 एवढे निवडले की एकेक करार समोर येतो: मागणीचे वर्ष, किती मागवले, कोणते शस्त्र, कोणत्या वर्षी किती पोचले, नवे की वापरलेले, आणि शेवटी टिपणीचा रकाना. हा शेवटचा रकाना सोन्यासारखा आहे. जुळणी भारतात झाली का, करार कोणत्या कार्यक्रमाचा, अशा गोष्टी तिथेच सापडतात. संख्या अंदाजे असेल तर तशी खूण असते. एक्सेलमध्ये उतरवताना ती पुसली जाऊ देऊ नका.

आता कोष्टकाची मेख. त्यातले एकक ‘टीआयव्ही’ (ट्रेंड इंडिकेटर व्हॅल्यू) आहे आणि ते पैसे नव्हेत. काही शस्त्रांचा उत्पादनखर्च ठाऊक असतो. त्यांच्याशी तुलना करून, क्षमता पाहून, प्रत्येक शस्त्राला एक मूल्य दिलेले असते. वापरलेले शस्त्र नव्याच्या 40 टक्के, वापरलेले पण बरेच सुधारून दिलेले 66 टक्के. प्रत्यक्षात किती मोजले, सवलत मिळाली की फुकट दिले, याचा काहीही संबंध नाही. मार्च 2025 च्या आवृत्तीत 2020–24 या काळात युक्रेन 8.8 टक्क्यांसह पहिला आणि भारत 8.3 टक्क्यांसह दुसरा होता. त्यावरून ‘युक्रेनची सर्वाधिक शस्त्रखरेदी’ असा मथळा देणे साफ चूक, कारण त्यातला मोठा भाग मदत म्हणून आलेला. टीआयव्हीला जीडीपीने भागणारे शोधनिबंधही दिसतात. तो भागाकार निरर्थक आहे. कोष्टकात 0 दिसला तर व्यवहार झालाच नाही असे समजू नका. रकाना रिकामा असेल तर काही नाही. 0 म्हणजे अर्ध्या दशलक्ष एककांपेक्षा कमी.

मोजणी करारावर नाही, ताब्यात मिळाल्यावर होते. 36 राफेलचा करार सप्टेंबर 2016 चा, पण 2016 च्या मूल्यांत त्याचा मागमूस नाही; विमाने ज्या वर्षी मिळाली त्या वर्षांत ती चढतात. जहाजांमुळे तर आकडा एकदम उसळतो. रशियाकडून घेतलेली विमानवाहू नौका विक्रमादित्य 2013 मध्ये नौदलाकडे आली, म्हणून फक्त त्या वर्षाकडे पाहून ‘रशियाकडे कल वाढला’ असा निष्कर्ष काढला तर फसाल. सिप्री स्वतः पाच-पाच वर्षांचे गट करते, ते याच कारणाने.

परवान्याखाली देशात बनवलेली शस्त्रेही हस्तांतर धरली जातात. त्यामुळे नाशिकजवळ ओझरला एचएएलने बांधलेली सुखोई रशियाच्या खात्यात आणि माझगाव डॉकमधल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या फ्रान्सच्या खात्यात दिसतात. तेजस आपले, पण त्याचे जीई इंजिन अमेरिकेच्या नावावर. ‘मेक इन इंडिया’ची प्रगती या आकड्यांवरून मोजू पाहणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. उलट रायफली, 100 मिमीपेक्षा कमी व्यासाच्या तोफा, ट्रक यांची गणतीच नाही. अमेठीतल्या एके-203 रायफली इथे शोधू नका.

सगळ्यात मोठी उणीव सुट्या भागांची. भारताच्या आयातीतला रशियाचा वाटा 2010–14 मध्ये 72 टक्के होता, 2015–19 मध्ये 55, 2020–24 मध्ये 36. त्याच 2020–24 मध्ये फ्रान्स 33 आणि इस्राएल 13 टक्क्यांवर होते. कल खरा आहे. पण सुखोई विमाने आणि टी-90 रणगाड्यांचे सुटे भाग, देखभाल या मोजणीत येत नाहीत, म्हणून ‘अवलंबित्व निम्मे झाले’ असे म्हणता येत नाही. नव्या पुरवठ्यातला वाटा निम्मा झाला, इतकेच. पाकिस्तानच्या आयातीत त्याच काळात चीन 81 टक्के, हा आकडाही तसाच वाचावा.

जुने अहवाल आणि नवे अहवाल शेजारी ठेवून तुलना करू नये. माहिती मिळेल तशा मागच्या नोंदी दुरुस्त होतात: 2010–14 चा रशियाचा वाटा 2015 च्या अहवालात 70 टक्के होता. दरवर्षी सगळी मालिका नव्याने उतरवून घ्यावी आणि कोणत्या तारखेला उतरवली तेही लिहून ठेवावे.

लष्करी खर्चाचा डेटाबेस वेगळा, एकाच एक्सेल फाइलमध्ये. तिथले आकडे मात्र खरेखुरे डॉलर. 2024 साठी भारत 86.1 अब्ज डॉलर. आपला 2024–25 चा संरक्षण अर्थसंकल्प 6.22 लाख कोटी रुपयांचा, म्हणजे साधारण 74 अब्ज. ताळा जुळत नाही, कारण सिप्री बीएसएफ, सीआरपीएफ, आसाम रायफल्स, आयटीबीपी, एसएसबी या निमलष्करी दलांचा खर्चही धरते. शिवाय एप्रिल ते मार्चचे वर्ष कॅलेंडर वर्षात बसवते, म्हणजे चौथा हिस्सा आदल्या अर्थसंकल्पातून येतो. निवृत्तिवेतन दोन्हीकडे आहे, त्यामुळे फरकाचे खापर त्यावर फोडू नये. फाइलमधले निळे आकडे सिप्रीचे अंदाज, लाल आकडे फार अनिश्चित. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये हा भेद नाहीसा होतो, तेव्हा चीनचा आकडा उद्धृत करण्याआधी मूळ फाइल पडद्यावर उघडून त्याचा रंग पाहून घ्या.