मीटर खरंच सांगत होता

कुडाळजवळ माझं पंप आणि मोटरी रिवाइंडिंगचं दुकान आहे. वीस-बावीस वर्षं तांब्याची तार गुंडाळण्यावरच आमचं घर चाललंय, आणि मला टोपी घातली गेली ती नेमकी तांब्याच्या तारेतच. सांगायला लाज वाटते, म्हणून इतके महिने गप्प होतो. पण परवा दुकानात एक पोरगा आला आणि गप्प राहणं अवघड झालं. त्याचं पुढे सांगतो.

भाच्याला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. बरी म्हणावी अशी गिटार त्याच्या खिशात बसेना. एके दिवशी मोबाइलवर कसलासा नकाशा घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, घराकच करूया मां?" मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही. पण नकाशात तीन कॉइल दिसल्या आणि माझा हात शिवशिवायला लागला.

लाकडाचं काम मजेत झालं. जुन्या घराच्या दाराच्या फणसाच्या फळ्या माळ्यावर पडून होत्या. दक्षिणेत वीणा आणि मृदंग फणसाचे करतात, मग गिटारने काय घोडं मारलंय? दोन फळ्या एकमेकींवर चिकटवून ४४ मिलिमीटर जाडी काढली. मान सागाची केली. तिच्यात घालायची लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, मुंबईहून मागवली. मानेवर ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) बसतात, त्यांच्या खाचांचा हिशेब भाच्याने केला: तारेची लांबी ६४८ मिलिमीटर, तिला १७.८१७ ने भागलं की पहिली पट्टी नटपासून (मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) ३६.४ वर येते, उरलेल्या लांबीला परत त्याच आकड्याने भागायचं, असं करत करत बारावी पट्टी बरोबर मध्यावर, ३२४ वर यायला हवी. आमची आली ३२४.५ वर. अर्ध्या मिलिमीटरसाठी भाच्याने सुताराला ती मान परत करायला लावली. सुतार म्हणाला, "माका दारा-खिडक्येच बरे." पण केली.

राहिले पिकअप.

पिकअप म्हणजे उलटी मोटर. चुंबकाभोवती केसाहून बारीक तारेचे सात-आठ हजार वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत शंभरेक मिलिव्होल्ट उठतात. ते अँप्लिफायर मोठे करतो, बस्स. मी म्हटलं, हे मी गुंडाळतो. भाचा म्हणाला, नको, एका बाजापेटी-बेंजो दुरुस्तीवाल्याकडे जुन्या जपानी गिटारमधून काढलेला सेट आहे, ओळखीतून कळलंय. वर तो माझ्या मेव्हण्याच्या गावचा निघाला. तिथेच मी निम्मा फसलो.

सावंतवाडी-दिवा गाडीने रत्नागिरीकडे गेलो. माणूस गोड. चहा आला, शेव-चिवडा आला, मेव्हण्याची चौकशी झाली. शब्दागणिक "गाववाले". तीन पिकअप काळ्या डब्यांत, खालून काळी टेप घट्ट गुंडाळलेली, टेपवर लाल लाखेचा ठिपका. "जपानी फॅक्टरीचं सील आहे. फाडलंत तर गॅरंटी गेली. आणि सोल्डर करताना जाळलेत तर ती जबाबदारी माझी नाही, हं." मला ते बोलणं प्रामाणिक वाटलं. आपण होऊन गॅरंटीच्या अटी सांगणारा माणूस कसा फसवील?

मग तोच म्हणाला, "मीटर आणलाय ना? लावा. माझ्या शब्दावर जाऊ नका." लावला. माझा मीटर, माझ्या वायरी. ६.७९, ६.८१, ६.८० किलोओहम. असल्या पिकअपचा अवरोध सहा ते सात हजार ओहमच्या आसपास असतो हे भाच्याने मला पढवलं होतं. मी खूश. शिवाय भिंतीवरची एक गिटार काढून त्याने वाजवून दाखवली. "ह्यात हाच माल आहे." आवाज खणखणीत. भाच्याचे डोळे लकाकले.

टेबलावरचे पिकअप वाजवून दाखवा, असं आम्ही म्हटलं नाही. टेपची कड जरा उचलून बघू का, असंही नाही. खाल्ल्या चिवड्याची भीड. भीड भिकेची बहीण असं आमची आई उगाच म्हणत नसे.

नऊ हजार सांगितले, सात हजार दोनशेला तुटलं. दोन हजार आधी यूपीआयने पाठवलेले होते, बाकी रोख दिले. बिल मागितलं नाही. वर टोनसाठी "जुना जपानी ऑइलचा" कॅपॅसिटर सहाशे रुपयांना घेतला. ०.०२२ मायक्रोफॅरडचा साधा कॅपॅसिटर काही रुपयांत मिळतो. तो सहाशेचा मी अजून फोडून पाहिलेला नाही. सध्या तेवढी हिंमत नाही.

घरी येऊन जोडणी केली. अडीचशे किलोओहमचे पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणांखालचे), पाच जागांचा स्विच, खोबणीला आतून तांब्याची पट्टी, तारा खाली जिथे टेकतात त्या ब्रिजखाली अर्थची तार. सोल्डरिंग मी असं केलं की फोटो काढून ठेवावा. अँपला लावली, भाच्याने पहिला कॉर्ड ओढला आणि काहीच नाही. नुसती हलकी घरघर. "मामा, ह्येचो आवाज खय?"

खरा तोटा इथून पुढचा. मीटर ६.८ दाखवतोय म्हणजे पिकअप चांगले, म्हणजे चूक माझी. वीस वर्षं वायरिंग करणारा माणूस तीन रात्री आपल्याच वायरिंगवर संशय घेत बसला. जॅकच्या दोन तारा उलट्या झाल्यात का? नाही. तांब्याची पट्टी सिग्नलच्या टोकाला टेकतेय का? नाही. स्विच बदलला. पॉट बदलले. शेवटी सगळं सोडून पिकअपची दोन टोकं क्रोकोडाइल क्लिपने थेट जॅकला जोडली आणि स्क्रूड्रायव्हरने पिकअपच्या वर दिसणाऱ्या खुंट्यांवर टकटक केलं. चांगल्या पिकअपवर टेकवलं की स्पीकरमधून "ठक्" यायलाच हवा. इथे मढं. पुन्हा मीटर लावला: ६.८०. मी स्वतःशी म्हटलं, सोल्डर करताना मीच जाळले असणार. त्या माणसाने सांगितलं होतंच ना! आधीच पेरून ठेवलेलं वाक्य चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात असं उगवलं.

सुटका झाली ती दुकानातल्या बल्बमुळे. वार्निश मारलेल्या कॉइल सुकवायला मी एका पेटीत बल्ब लावून ठेवतो. पावसाळ्यात आमच्याकडे दुसरा इलाज नाही. टेबलावर जागा नव्हती म्हणून पिकअप लावलेली प्लेट तिथे सरकवली होती. तासाभराने काढली तेव्हा हाताला चटका बसेल इतकी तापली होती. सवयीने मीटर लावला. ६.८०.

आणि हात थांबला.

तांबं तापलं की त्याचा अवरोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. मोटर आतून किती तापली हे आम्ही तसंच काढतो, थंड असतानाचा आकडा आणि गरम असतानाचा आकडा घेऊन. सत्तावीस अंशांवर ६.८० दाखवणारी तांब्याची कॉइल पन्नास अंशांवर ७.४ च्या आसपास जायला हवी. ही जागची हलली नव्हती. म्हणजे मी मोजत होतो ते तांबं नव्हतंच.

ब्लेड घेऊन टेप फाडली. दोन टोकांच्या मधोमध, मेणात बुडवलेला, एवढासा रेझिस्टर, म्हणजे ठरावीक अवरोधाचा सुटा भाग. त्यावर रंगांचे पट्टे: निळा, करडा, लाल, सोनेरी. सहा हजार आठशे ओहम, पाच टक्के. बाकीच्या दोघांतही तेच. रेझिस्टर कापून काढला आणि कॉइल मोजली, तर मीटरवर नुसता १. उघडी, म्हणजे आत तार तुटलेली. तिन्ही कॉइल मेलेल्या. माझ्या मीटरने एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. त्याला जे दाखवलं, ते त्याने मोजलं.

मेलेले पिकअप आमच्या किनाऱ्यावर ढिगाने मिळतात. ०.०६ मिलिमीटरची तार, वर एनॅमलचा पापुद्रा. कुठे ओरखडा असला की खारं वारं तिथून शिरतं, हिरवट कीट धरतं आणि एक दिवस तार तुटते. बेंजोवाल्यांकडचे असले पिकअप भंगारात जातात. त्या भंगाराला एका रेझिस्टरची जोड दिली की झाला जपानी माल. चुंबकही त्याने सांगितलेले अल्निकोचे (चुंबकाच्या एका मिश्रधातूचे) नव्हते. अल्निकोच्या पिकअपमध्ये सहसा सहा चकचकीत दांडे असतात आणि ते दांडेच चुंबक असतात. इथे साध्या लोखंडी खुंट्या, आणि तळाला चिकटवलेली काळी सिरॅमिकची पट्टी. टेप त्यासाठीही होती.

आता कळतं की आकडेच बोलत होते. तीन जुन्या कॉइल आणि तिघींत मिळून वीस ओहमचा फरक! मी स्वतः गुंडाळलेल्या तीन कॉइल कधी इतक्या सारख्या आल्या नाहीत. तेव्हा मात्र मी त्याला म्हणालो होतो, "काय सुंदर वाइंडिंग आहे हो." तो हसला होता.

फोन केला. शांतपणे म्हणाला, "मीटर तुम्हीच लावलात ना, गाववाले? आणि सील कोणी फाडलं?" दुसऱ्या दिवसापासून फोन लागेना. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारलं, तर साहजिकच पहिला प्रश्न बिलाचा. मेव्हणा म्हणाला, जाऊ दे, गावात वाईटपणा नको. मी पुढे कुठे गेलो नाही हेही इथे कबूल करतो.

त्या टेबलावर काय करता आलं असतं ते सांगतो, कारण ह्यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. मीटर लावलेला असताना खुंट्यांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून झटकन उचलायचा. जिवंत कॉइलमध्ये आकडा क्षणभर वर किंवा खाली उडतो, रेझिस्टर ढिम्म राहतो. पिकअप दोन मिनिटं मुठीत घट्ट धरून परत मोजायचा, शेवटचे आकडे चढायला हवेत. (उन्हाळ्यात भर दुपारी मूठ आणि हवा सारखीच असते, तेव्हा हेअर ड्रायर लागेल.) आणि त्याच्याकडे अँप होताच. दोन क्लिप लावून "हाच वाजवा, भिंतीवरचा नको" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मग पिकअप मीच गुंडाळले, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. त्यातही पाय घसरणारच होता. भाच्याच्या माहितीत तार "४२ गेज" लिहिलेली. आमच्या धंद्यात नंबर म्हटला की एसडब्ल्यूजी, म्हणजे तारेच्या जाडीचं ब्रिटिश माप, आणि त्यातली ४२ नंबर म्हणजे ०.१ मिलिमीटर. ती घेतली असती तर बॉबिन निम्म्या वेढ्यांच्याही आत भरली असती. अमेरिकन ४२ म्हणजे आपली जवळपास ४६ नंबर. ती मागवली. पंख्याच्या कॉइलच्या मशीनवर, काउंटर लावून, बोटांच्या चिमटीत ताण धरून आठ हजार वेढे. पहिली तीन हजारांवर तुटली. दुसरी पाच हजारांवर तुटली, तेव्हा भाचा बाहेर जाऊन पाऊस बघत बसला. मधली कॉइल उलट दिशेने आणि तिचा चुंबकही उलटा, म्हणजे शेजारच्या पिकअपबरोबर लावली की घरघर एकमेकींत विरते. शेवटी आले ६.०५, ६.२० आणि ६.३२. एकीचं दुसरीशी जुळत नाही. बल्बखाली ठेवल्या, तिघी चढल्या.

गणपतीत घरात वाजली गिटार. आरतीला नव्हे, आरती झाल्यावर. बहिणीला आवाज फार मोठा वाटला.

आणि परवाचा पोरगा. बेंजो पार्टीतला, वीसेक वर्षांचा. "काका, पिकअप वाजणा नाय, पण मीटर बरोबर दाखयता." काळी टेप, लाल ठिपका. किती दिलेस विचारलं. चार हजार म्हणाला. मी हेअर ड्रायर लावला आणि मीटर त्याच्याकडे फिरवला. पिकअप हातात धरवेना इतका तापला, तरी आकडा हलला नाही. का हलायला हवा ते त्याला समजावलं. मग ब्लेड काढलं आणि टेपच्या कडेला लावलं.

त्याने माझा हात धरला. म्हणाला, "काका, थांबा हां. सील फाडला तर गॅरंटी जायत."