लर्निंग स्टाइलप्रमाणे वेगवेगळे लेसन: वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. मुलाची शिकण्याची स्टाइल ओळखायची आणि त्याला तसंच मटेरियल द्यायचं, ही पद्धत जूनपासून वर्गात वापरली. एवढी मेहनत घेण्यासारखं आहे का असं बरेच शिक्षक विचारतात म्हणून सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, माध्यमं भरपूर वापरा पण त्यासाठी मुलांची वाटणी करू नका.

सुरुवात व्हार्क (VARK) या प्रश्नावलीपासून केली, मुलाला कोणत्या प्रकारे शिकायला आवडतं ते तिच्यातून ठरवतात. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची पद्धत, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली, त्यात बघून, ऐकून, वाचून-लिहून आणि प्रत्यक्ष करून असे चार प्रकार. १६ प्रश्न असतात, एका प्रश्नाला एकापेक्षा जास्त उत्तरं चालतात, आणि अशी वाटणी नीट होत नाही हे तिथेच कळायला लागतं, कारण बहुतेक मुलं दोन-तीन प्रकारांत एकदमच बसली. अजून एक, फ्लेमिंग यांच्या व्याख्येत 'बघून' म्हणजे आकृत्या, तक्ते आणि नकाशे. व्हिडिओ त्यात धरतच नाहीत. आपण मात्र व्हिडिओ लावला की व्हिज्युअलवाल्यांचं काम झालं असं समजतो.

विद्युत परिपथाचा धडा चार प्रकारे बनवला. तक्ता, मोबाइलवर रेकॉर्ड केलेला ऑडिओ, नोट्स, आणि टॉर्चचा बल्ब, सेल, वायर असं साहित्य. आता "सेलच्या धन टोकाला जोडलेली तार स्विचकडे जाते" हे नुसतं ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे परिपथ उभा राहणार? ऐकणाऱ्या गटाच्याही नाही राहिला. सगळी मुलं बल्बच्या टेबलाभोवतीच गोळा झाली. ध्वनीच्या धड्याला बरोबर उलटं, तिथे ताणलेलं रबर छेडून आवाजाची तारता ऐकवल्याशिवाय कितीही छान आकृती काढा, कळत नाही. म्हणजे माध्यम धड्यावरून ठरतं, मुलाच्या गटावरून नाही, आणि हे मला धड्यामागून धड्यात दिसत गेलं.

संशोधनही याच बाजूचं आहे. २००८ साली पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्जॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे अभ्यास तपासले. स्टाइलशी जुळणारं आणि न जुळणारं असं दोन्ही प्रकारे शिकवून सगळ्यांची एकच परीक्षा घेतली तरच स्टाइलप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकणं होतं हा दावा तपासता येतो, असे अभ्यास फारच थोडे निघाले आणि त्यातले काही तर दाव्याच्या विरोधात गेले. मुलांची आवड वेगवेगळी असते हे ते नाकारत नाहीत. पण आवडीचं माध्यम दिलं म्हणून जास्त शिकणं होतं, याला पुरेसा पुरावा नाही.

खरा फायदा झाला तो मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या मल्टिमीडियाच्या तत्त्वांचा, म्हणजे चित्र आणि शब्द एकत्र कसे मांडायचे याच्या नियमांचा. स्लाइडवर पूर्ण वाक्यं आणि तीच वाचून दाखवायची हे मी बंद केलं, आता पडद्यावर फक्त आकृती, तिच्या भागांना दोन-तीन शब्दांची नावं आणि बाकी सगळं आवाजात. व्हिडिओ छोट्या तुकड्यांत कापले, मागचं संगीत काढलं. मुलं वाक्यं वहीत उतरवायचं सोडून आकृतीकडे बघायला लागली, प्रश्नही जास्त येतात.

कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (PhET) पण जरूर वापरा, त्यात पडद्यावर प्रयोग करून बघायची सिम्युलेशन्स आहेत. नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलं, फुकट आहे, बरंच काही मराठीत आहे, डाउनलोड करून नेटशिवाय चालतं. सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये तारेतून इलेक्ट्रॉन पळताना दिसतात आणि शॉर्ट केलं की बॅटरीवर ज्वाळा येतात, जे खऱ्या सेलवर मुलांना करू देता येत नाही. फक्त आधी खरा बल्ब हातात द्या आणि मग सिम्युलेशन, कारण तार नीट चिकटली नाही की बल्ब लागत नाही हे पडद्यावर कळत नाही.

एका बाबतीत मात्र वेगळं मटेरियल बनवायलाच हवं. कमी दिसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मी ऑडिओ आणि पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून केलेली परिपथाची आकृती देतो. ही त्याची गरज आहे, तिथे स्टाइलचा प्रश्नच येत नाही. आणि ती सुतळीची आकृती आता सगळा वर्ग बोट फिरवून बघतो, म्हणून यंदा प्रत्येक बाकासाठी एकेक बनवतोय.