सोलापुरात समुद्र नाही, पण स्कूबाच्या नावाखाली १,०४,९५० रुपये बुडवणारा माणूस आहे

आधी हिशेब. नोंदणी ३,५०० रुपये. स्कूबाचा, म्हणजे पाठीला हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली पोहण्याचा, कोर्स २४,०००. स्वतःचं किट ६८,५००. ‘पाण्याखालचा इन्शुरन्स’ २,७५०. आणि शेवटी ‘पर्सनल ट्रिम सेटिंग’ नावाचा जो काही प्रकार होता त्याचे ६,२००. एकूण १,०४,९५०. त्यातले ४०,००० रोख आणि ६४,९५० यूपीआयने. यूपीआयचे पैसे ज्या बाईंच्या नावावर गेले, त्या कोण हे मला अजून कळलेलं नाही.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. दुसऱ्यांची बिलं तपासणं हाच माझा धंदा. त्यामुळे हे लिहिताना तोंड कडू झालंय, आणि कोणी ‘शिकलेली माणसं अशी कशी फसतात’ असं म्हणालं की टाळकं सरकतं. शिकलेलीच फसतात ओ. न शिकलेला माणूस लाखभर रुपये शिसं आणि रबरावर घालायला जात नाही.

हा माणूस सकाळच्या बॅचला पोहायला येणाऱ्यांत मिसळायचा. मालवणला पाच-दहा मिनिटं पाण्याखाली जाऊन फोटो काढून आलेले आमच्यात बरेच जण आहेत. त्यांनाच तो गाठायचा. “मालक, ते टुरिस्टचं झालं. हात धरून नेतात आणि आणतात. स्वतः डायव्हर व्हा की.” बोलणं मिठास. माहिती थोडी खरी, थोडी खोटी. बॉयन्सी, ट्रिम, बीसीडी, ऑक्टोपस हे शब्द असे फेकायचा की ऐकणाऱ्याला आपणच अडाणी वाटावं. दरही फार कमी नव्हता. नव्या बीसीडीच्या, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटच्या, आणि रेग्युलेटरच्या, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाला देणाऱ्या यंत्राच्या, किमती मी बघितल्या होत्या. त्याचा भाव त्याहून जरा खाली, ‘दुबईचा लॉट’ म्हणून. फुकटात काही मिळतंय म्हणून मी धावलो नाही, एवढं लक्षात घ्या.

बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “अहो, बिल कुठंय?” मी त्याला विचारलं. म्हणाला, जीएसटीसकट पाहिजे असेल तर अठरा टक्के वर. आता मला सांगा, सोलापुरात हे वाक्य कोणत्या दुकानात ऐकायला मिळत नाही?

आता तो दिवस. होटगी रोडकडच्या एका खासगी टँकवर त्याने मला किट चढवलं आणि कंबरेला शिशाचा पट्टा बांधला. बारा किलो. मी चांगला ऐंशी किलोच्या पुढचा गडी, अंगात तीन मिलिमीटरचा रबरी सूट, आणि पाणी गोडं. पाण्यात पाय टाकला तसा थेट तळाला जाऊन उभा राहिलो. वर आल्यावर हा टाळ्या वाजवतोय, “बघा मालक, किती फटकन गेलात. हीच बॉयन्सी!” आणि तळाला उभा होतो त्याला म्हणे परफेक्ट ट्रिम.

बॉयन्सी जमणं म्हणजे ना बुडणं ना तरंगणं, पाण्याच्या मध्यावर अधांतरी राहता येणं. ट्रिम म्हणजे त्या वेळी शरीर आडवं, सपाट असणं. मी तर चौकातल्या पुतळ्यासारखा उभा होतो. पण हे तेव्हा सांगणार कोण? शिकवणाराच तो होता.

तेही एक वेळ सोडा. त्याच दिवशी बीसीडीत बटण दाबून हवा भरली तर डाव्या खांद्याच्या शिवणीतून बुडबुड्यांची माळ लागली. मी डोळ्यांनी बघितली. बोट लावून दाखवली. तो हसला, “नवीन आहे ना, शिलाई बसायचीये अजून.” हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. टॉवेलच्या कारखान्यात माझी इतकी वर्षं गेली. शिवण बसते म्हणजे काय होतं हे मला कळतं. कापडाची शिवण पाणी पिऊन बसेल. हवेच्या पिशवीचा सांधा गळायला लागला की तो वाढतच जातो. पण भोवती सहा माणसं होती, टँकचा वेळ संपत आला होता, आणि पैसे जवळजवळ सगळे गेलेले होते. त्या क्षणी तुम्ही काय केलं असतं, ते प्रामाणिकपणे सांगा.

शेवटचे ६,२०० यानंतर गेले. मी तक्रार केली की पाय खाली जातात आणि तोंड वर राहतं. त्यावर ‘ट्रिम सेटिंग’. केलं काय, तर त्याच पट्ट्यावर आणखी दोन किलो शिसं आणि एक प्लॅस्टिकची क्लिप.

खरं काय ते मला तारकर्लीला कळलं. तिथे एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, बाहेर खासगी बोटवालेही आहेत. मी यातल्याच एका प्रशिक्षकाकडे माझं किट आणि या गुरूने दिलेलं डायव्हरचं कार्ड घेऊन गेलो. पोरगं माझ्या निम्म्या वयाचं. त्याने कार्ड बघितलं आणि विचारलं, “काका, समुद्रात किती डाइव्ह झाले?” मी म्हटलं, टँकवर झालंय सगळं, उजनीत करणार होते पण राहिलं. तो गप्पच झाला. ओपन वॉटरचं, म्हणजे पहिल्या पायरीच्या डायव्हरचं, कार्ड टँकवर पुरं होतच नाही. उघड्या पाण्यात किमान चार डाइव्ह लागतात, त्याआधी दोनशे मीटर पोहून आणि दहा मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. माझ्या कार्डावरचा नंबर त्याने मोबाइलवर टाकला, तर त्या नंबरचा कुणी डायव्हरच नाही. अशी कार्डं देणाऱ्या पाडी, एसएसआय या संस्थांच्या संकेतस्थळावर प्रशिक्षकाचा नंबरही तपासता येतो. पैसे देण्याआधी तपासा. समोर बसून, त्याच्या देखत.

मग त्याने माझं किट उलगडलं. रेग्युलेटरला वर्षातून एकदा सर्व्हिसिंग लागतं. याचं बहुतेक कधीच झालेलं नव्हतं, तोंडात धरायचा रबरी भाग चिरलेला आणि हवेची नळी वाकवली की भेगा दिसत होत्या. बीसीडीचं हवा भरायचं बटण दाबलं की अडकून बसायचं, सोडलं तरी हवा भरतच राहायची. पाण्याखाली हे झालं असतं तर मी बुचासारखा वर फेकला गेलो असतो. सिलिंडरला ताजा पिवळा रंग. त्याने चावीने मानेजवळचा रंग खरवडला. चाचणीची तारीख ठोकलेली असते ती जागा घासून सपाट केलेली. या सिलिंडरची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी व्हावी लागते, आणि आत दोनशे बारपर्यंत दाबाची हवा असते. ती टाकी मी सोलापूरपासून गाडीच्या डिकीत घेऊन आलो होतो, मागच्या सीटवर मुलगा झोपलेला.

शिशाचा पट्टा उचलून तो म्हणाला, “चौदा किलो? काका, हे नांगराला बांधायचं.”

वजनाची तपासणी त्याने त्याच्या किटवर करून दाखवली, आणि ती इतकी सोपी आहे की रडू येतं. पाण्यात उतरून पृष्ठभागावरच, सिलिंडरमध्ये पन्नास बारच्या आसपास हवा उरलेली असताना, जॅकेट पूर्ण रिकामं करायचं आणि नेहमीचा श्वास घेऊन स्थिर राहायचं. पाणी डोळ्यांच्या रेषेला यायला पाहिजे. श्वास सोडला की हळू खाली. झालं. मला समुद्रात पाच किलो पुरले. खाऱ्या पाण्यात माणूस गोड्यापेक्षा जास्त तरंगतो. मी आणि सामान मिळून शंभर किलो धरलं तर फरक अडीच किलोचा. म्हणजे त्या टँकवर मला दोन-अडीच किलोत भागलं असतं. पन्नास बार का, तर पूर्ण भरलेल्या सिलिंडरमधल्या हवेलाच अडीच किलोच्या आसपास वजन असतं, डाइव्ह संपेपर्यंत ते कमी होतं आणि शेवटी माणूस हलका पडून वर ओढला जातो.

जास्त वजनाने काय बिघडतं असं मीही विचारलं. नऊ किलो शिसं जादा म्हणजे ते पेलायला जॅकेटमध्ये आठेक लिटर हवा जादा भरावी लागते. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथून वर येताना हवा सोडली नाही तर तीच हवा पृष्ठभागापर्यंत सोळा लिटर होते, माणूस आणखी जोरात वर, हवा आणखी फुगते. त्यात घाबरून श्वास रोखला तर फुप्फुसातही तेच होतं. यात जीव जातो. वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग नको, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, श्वास कधीच रोखायचा नाही. २४,००० रुपयांच्या कोर्समध्ये या तीन गोष्टी आल्या नाहीत. फोटो मात्र भरपूर आले.

पाय खाली जाण्याचा इलाजही वजन वाढवणं नव्हे, वजन हलवणं. सगळं शिसं कंबरेला, सिलिंडर खाली घसरलेला, मग पाय बुडणारच. आणि तिरपा माणूस पायातले फिन मारतो तेव्हा पुढे जायच्या ऐवजी वर जातो, म्हणून त्याला वाटतं अजून वजन पाहिजे. त्या पोराने सिलिंडरचा पट्टा वर घेतला, दीड किलो जॅकेटच्या वरच्या कप्प्यात टाकलं, बाकी झटकन काढता येईल असं कंबरेला ठेवलं. मी सपाट झालो. पैसे घेतले फक्त त्या डाइव्हचे.

अजून एक, घाटावरच्या लोकांसाठी. माझ्या ‘गुरूने’ सांगितलं होतं, सकाळी डाइव्ह, दुपारी आंबोलीमार्गे निघा, रात्री जेवायला घरी. डाइव्हनंतर अंगात नायट्रोजन मुरलेला असतो, बाहेरचा दाब लगेच कमी झाला तर तो त्रास देतो. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान बारा तास, जास्त डाइव्ह असतील तर अठरा तास थांबायला सांगतात. घाट चढतानाही दाब कमी होतच असतो. मुक्काम करून या. लॉजचे हजार-दोन हजार वाचवू नका.

आता तक्रारीचं पुराण. एका पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, “सोलापुरात समुद्र कुठंय?” मी म्हटलं, साहेब, गुन्हा सोलापुरात झाला. दुसरा प्रश्न, “पैसे तुम्हीच दिले ना? कुणी चाकू लावला नाही ना? मग हे सिव्हिल.” भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचंच आहे, हे मी सांगितल्यावर साहेबांना राग आला. सिलिंडर दाखवायला नेला तर तो आत आणू नका म्हणाले, स्फोटक आहे म्हणून. स्फोटक आहे हे मान्य, मग विकणाऱ्यावर गुन्हा का नाही? तर त्याचं खातं वेगळं. त्या खात्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं की स्थानिक पोलिसांकडे जावं.

बँकेत गेलो. काउंटरवरच्या ताईंनी व्यवहार बघितले. “पिन तुम्हीच टाकलाय, सर.” हो ताई, मीच टाकलाय, म्हणून तर फसवणूक म्हणतोय, चोरी नाही! फॉर्म दिला, फॉर्मवर शिक्का दिला, पुढे शून्य. टँकवाले म्हणाले, आम्ही तासाने भाड्याने देतो, आत कोण काय शिकवतं ते आम्हाला माहीत नाही. एक वकील भेटले, ते म्हणाले बिल नाही तर केस कमजोर, आणि फी सांगितली २५,०००. एका बाबूंनी तर नुकसानीची यादी ‘समजेल अशा मराठीत’ मागितली. बीसीडी म्हणजे काय, ऑक्टोपस म्हणजे काय. ऑक्टोपस हा जोडीदाराला हवा द्यायचा जादा रेग्युलेटर असतो हे मी लिहून दिलं. त्यांनी वाचून विचारलं, “म्हणजे जिवंत नाही ना?” मी काय बोलणार.

ज्यांचे पैसे नुकतेच गेलेत त्यांनी आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तासाभरात केला तर रक्कम गोठवायची शक्यता असते. मी उशिरा केला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे वकील सांगणार नाहीत. बिल नसेल तरी चॅट, यूपीआयची नोंद, फोटो जपून ठेवा. त्याने पाठवलेले व्हॉइस मेसेज तो नंतर डिलीट करतो, आजच दुसऱ्या फोनवर घ्या. जुनं किट कुणी विकत असेल तर रेग्युलेटरच्या सर्व्हिसिंगची पावती मागा. सिलिंडरच्या मानेवर नवा रंग दिसला की तिथेच उठा.

मला माहितीय मी एकटा नाही. एक डॉक्टर आहेत, नवी पेठेतला एक दुकानदार, आणखी दोघं-तिघं. सगळ्यांच्या माळ्यावर तसलेच पिवळे सिलिंडर. पण तोंड उघडायला कुणी तयार नाही, गावात हसं होईल म्हणून. हसं माझं झालंच आहे; कारखान्यात पोरं मला ‘कॅप्टन’ म्हणतात. आणि तो गडी गड्ड्याच्या जत्रेच्या तोंडावर नव्या नंबरवरून ‘सिद्धेश्वर यात्रा ऑफर’ फिरवतोय.

ठाण्यातल्याच एका हवालदारांनी मला बाहेर टपरीवर हळूच सांगितलं, एकट्याचा अर्ज फाइलला लागतो, पाच-सहा जण एकत्र आले तर साहेबांना नोंद घ्यावीच लागेल. मी गुरुवारी दुपारी परत जाणार आहे. तुमच्या यूपीआय स्टेटमेंटवर एखाद्या अनोळखी बाईंच्या नावावर ३,५०० आणि मग २४,००० गेलेले दिसत असतील, तर त्याची प्रिंट घेऊन या. सिलिंडर आणू नका, आत घेत नाहीत.