हीट पंप, गरम पाण्याची टाकी आणि मीटर : इंग्लंडमधल्या एका हिवाळ्यानंतर

हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारं यंत्र, घ्यायचा विचार करणारे ओळखीचे लोक पहिला प्रश्न एकच विचारतात : थंडीत घर गरम राहतं का? राहतं, अगदी छान राहतं. पण वीजबिल वाढतं ते आंघोळीच्या पाण्यात, आणि त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. त्यामुळे हा अनुभव मुख्यतः पाण्याबद्दल आणि ते मोजणाऱ्या मीटरबद्दल लिहितो आहे.

आमचं घर रेडिंगजवळ, १९३०च्या दशकातलं. जुना गॅस बॉयलर काढून ७ किलोवॅटचा हीट पंप आणि २१० लिटरची टाकी बसवली. इंग्लंड-वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीम या सरकारी योजनेतून हीट पंपाला मिळणारं अनुदान ऑक्टोबर २०२३ मध्ये ५,००० वरून ७,५०० पौंडांवर गेलं, तेव्हाच हे करायचं ठरलं होतं. घरात आम्ही चौघं, आणि दिवाळीपासून मार्चपर्यंत आई-बाबा सांगलीहून आले होते.

आधी हिशेब सांगतो, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. २१० लिटर पाणी १५ अंशांवरून ४८ अंशांपर्यंत न्यायला सुमारे ८ युनिट (म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता लागते. पंपाचा सीओपी, म्हणजे एका युनिट विजेत मिळणारी उष्णता, २.८ धरला तर जवळपास ३ युनिट वीज जाते. आमच्याकडे वीज युनिटला साधारण २५ पेन्स आणि गॅस ६ पेन्स. म्हणजे तेच पाणी चांगल्या गॅस बॉयलरवर ५५-६० पेन्समध्ये तापेल आणि हीट पंपावर ७० पेन्समध्ये. घर तापवताना आमचा पंप चारच्या आसपास सीओपी देतो, तिथे गॅसशी बरोबरी होते. पाण्यात मात्र आपण कोणत्या तापमानाला आणि किती वाजता तापवतो यावर सगळं अवलंबून आहे.

आणि हे कळायला मीटर लागतं. पंपाच्या स्वतःच्या स्क्रीनवरचे आकडे अंदाजाचे असतात. आमची स्क्रीन पाण्यासाठी ३.४ सांगत होती. मी आग्रहाने स्वतंत्र मीटर बसवून घेतलं : विजेसाठी एक प्रमाणित मीटर आणि उष्णतेसाठी हीट मीटर. हीट मीटर नळीतून वाहणारं पाणी मोजतं, जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक मोजतं आणि दोन्हींवरून उष्णता काढतं. मिनिटाला २० लिटर पाणी आणि ५ अंशांचा फरक असेल तर जवळपास ७ किलोवॅट. त्या मीटरवर ४८ अंशांच्या पाण्यासाठी खरा आकडा आला २.८.

तरीही आठवड्यातल्या एका रात्री घराच्या एकूण मीटरवर तासभर ३ किलोवॅटचा उंचवटा दिसायचा आणि पंपाच्या मीटरवर त्याचा मागमूस नसायचा. तो टाकीतला इमर्शन हीटर होता, म्हणजे पाण्यात बुडवलेली साधी विजेची कॉइल. लेजिओनेला हा जंतू २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात वाढतो आणि ६० अंशांना मरतो, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी ६० पर्यंत नेतात. आमच्या इन्स्टॉलरने ते काम इमर्शनवर टाकलं होतं आणि इमर्शनची वायर मीटरला वळसा घालून थेट मुख्य बोर्डाला जोडली होती. इमर्शन त्याच हिशेबात धरल्यावर सीओपी २.६ झाला. पुन्हा बोलावून जोडणी बदलून घ्यायला बरीच पत्रापत्री करावी लागली. पण हा साप्ताहिक फेरा कृपा करून कुणी बंद करू नका, घरात वयस्कर माणसं असतील तर मुळीच नाही. तो करायचाच, फक्त मोजून करायचा. आमच्या पंपात उष्णता वाहून नेणारा वायू प्रोपेन, म्हणजे आर-२९०, आहे, त्यामुळे ६० अंश तो स्वतः गाठू शकतो. आता इमर्शन फक्त अडीअडचणीला.

हीट मीटर बसवताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. ते पंप आणि तीन-मार्गी व्हॉल्व्हच्या (पंपाची उष्णता कधी रेडिएटरकडे, कधी टाकीकडे वळवणाऱ्या झडपेच्या) मधे हवं. व्हॉल्व्हच्या पुढे बसवलं तर घर किंवा पाणी, एकच बाजू मोजली जाते. दुसरं, जानेवारीत धुकं आणि दोन-तीन अंश हवा असली की बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो आणि तो वितळवायला पंप घरातली उष्णता परत घेतो. ही उणे उष्णता मीटरने वजा केलीच पाहिजे, नाहीतर सीओपी उगाच फुगून दिसतो. नळ्यांत ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून घालतात ते द्रव) असेल तर साध्या पाण्यासाठी बनवलेलं मीटर काही टक्के जास्त दाखवतं, तेही आधी विचारून घ्या.

मीटर आल्यावर सेटिंग बदलायला खरा आधार मिळाला. इन्स्टॉलर टाकी ५५ वर लावून गेला होता. तिथे सीओपी २.३ होता, तो ४८ वर २.८ झाला. रेडिंगचं पाणी जड, चुन्याचं. तापमान कमी ठेवल्याने क्षारही कमी धरतात. ४८ अंशांचं पाणी पुरतं का, ही शंका आईला होती. नळाचं पाणी १२ अंश धरलं तर पूर्ण टाकीतून ४० अंशांचं सुमारे २७० लिटर पाणी निघतं, म्हणजे २० लिटरच्या तेरा बादल्या. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पहाटे सहाही जणांची अभ्यंगस्नानं बादलीने आरामात झाली. शॉवर मात्र मिनिटाला आठ लिटर ओढतो. मुलांनी दहा-दहा मिनिटं लावली की तिसऱ्या-चौथ्या माणसाला टाकी पुन्हा भरून तापायची वाट बघावी लागते.

सगळ्यात मोठा फायदा वेळेचा झाला. ऑक्टोपस या वीज कंपनीच्या कोझी टॅरिफमध्ये पहाटे ४ ते ७ आणि दुपारी १ ते ४ वीज जवळपास निम्म्या दरात मिळते. सुरुवातीला मी सगळं पहाटेवर ठेवलं होतं. मग आलेख बघताना दिसलं की पहाटे बाहेर उणे दोन असताना सीओपी २.३ वर येतो आणि त्याच दिवशी दुपारी सहा अंशांना २.८ असतो. आता मुख्य फेरा दुपारी एकचा आणि पहाटे फक्त थोडी भर. टाकी तापताना रेडिएटर बंद असतात, तेही दुपारी कुणाला जाणवत नाही. त्याच ७० पेन्सच्या पाण्याला आता साधारण ३५ पेन्स पडतात आणि गॅस मागे राहतो.

टाकीची गळती म्हणजे नुसतं उभ्या उभ्या पाणी निवणं. ईस्टरला आम्ही घरी नव्हतो तेव्हा ती नीट दिसली : रोज दीड युनिट उष्णता. टाकीला आवरण जाड आहे, पण वरून निघणारी तांब्याची नळी उघडी होती, हात लावला तर चटका बसायचा. तिला फोमचं आवरण घातल्यावर आकडा थोडा खाली आला.

पुण्या-नाशकातल्या दोघातिघांनी तिथे काय होईल असं विचारलंय. तिथे हवा पंचवीस अंशांची, त्यामुळे पाणी तापवणारा पंप आमच्यापेक्षा नक्कीच कमी वीज खाईल. तिथेही आठवड्याचा ६० अंशांचा फेरा आणि इमर्शनसकट सगळी वीज मोजणारं मीटर हवंच.

इकडे बसवणार असाल तर हीट मीटरची जागा आणि इमर्शनची जोडणी कोटेशनमध्येच लिहून घ्या. पाणी भरल्यानंतर तीच नळी कापून मीटर घालायचं तर पूर्ण यंत्रणा रिकामी करावी लागते, आणि त्याचे पैसे वेगळे.