रोलरचा व्यास आणि क्लेमचा व्याप: रत्नागिरीतील एका पेटंट एजंटच्या कामाविषयी

रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, फोडींमधून बी वेगळी काढणारे छोटे यंत्र आमच्या कार्यशाळेत तयार झाले, तेव्हा त्याच्या पेटंटसाठी मी एकामागून एक अशा दोन एजंटांकडे गेलो. दोघांचीही नावे लिहीत नाही; काम कसे झाले तेवढेच नोंदवतो.

पहिल्याने आठवडाभरात ड्राफ्ट पाठवला. त्यातील पहिल्याच क्लेममध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते सांगणाऱ्या कलमात, ‘१२ सेंटीमीटर व्यासाचे दोन रबरी रोलर आणि अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर’ असे लिहिले होते, आणि मला तर ते वर्णन फार नेमके वाटले. रत्नागिरीतील दुसऱ्या एजंटने ते वाचून एवढेच विचारले, “तेरा सेंटीमीटरचा रोलर लावला, तर बी निघणार नाही का?” निघाली असती, आणि तसे यंत्र बनवणाऱ्याला मी अडवूही शकलो नसतो. खरी युक्ती दोन्ही रोलर वेगवेगळ्या गतीने फिरण्यात आहे; तेवढेच त्यांनी पहिल्या क्लेममध्ये ठेवले आणि मापे खालच्या क्लेममध्ये उतरवली. पहिल्याला दिलेला अॅडव्हान्स बुडाला, पण तो अर्ज दाखल झाला नाही हे बरे झाले.

यंत्र कुठे दाखवले आहे का, हा त्यांचा दुसरा प्रश्न होता. आमचे जुने, पात्यांचे यंत्र एका कृषी मेळाव्यात मांडले होते व त्याचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरला होता. तो त्यांनी तीनदा थांबवून पाहिला आणि त्यात रोलर नाहीत याची खात्री केली, कारण प्रदर्शनात दाखवल्यानंतरही अर्ज करता येण्याची १२ महिन्यांची सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच असते. चेरी आणि ऑलिव्हच्या बिया काढणाऱ्या यंत्रांची जुनी परदेशी पेटंटेही त्यांनी शोधून समोर ठेवली. आपले वेगळेपण त्यांच्यापुढे टिकेल का, हे अर्जाआधीच कळलेले चांगले.

कोकम-जिरे मिश्रणाचेही पेटंट घ्यावे असे माझ्या मनात होते. पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार केवळ मिश्रण आणि पारंपरिक ज्ञान यांना पेटंट मिळत नाही, असे सांगून त्यांनी ते काम घेतलेच नाही. हळदीवरचे अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेच्या हरकतीनंतर रद्द झाले होते, तो दाखलाही दिला. फी बुडवून खरे सांगणारा माणूस विरळा.

खर्चाचे म्हणाल, तर व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केल्यास सरकारी शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीचे, म्हणजे पेटंट कार्यालयाने अर्ज तपासावा या मागणीचे, ४,००० रुपये आहे. मोठा खर्च एजंटच्या फीचा, आणि तो मला वाजवी वाटला. अर्ज इंग्रजी किंवा हिंदीतच करावा लागत असल्याने प्रत्येक क्लेम त्यांनी मराठीत समजावून दिला.

तक्रार एकच, पण किरकोळ नाही. परीक्षणाची विनंती आपोआप होत नाही. आमच्यासारख्या नव्या अर्जांना त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे आणि ती चुकली तर अर्ज मागे घेतल्याचे धरले जाते. एजंटने याची आठवण करून दिली नाही. मीच कॅलेंडरवर लिहून ठेवले होते. शिवाय ड्राफ्ट हवा असेल तर मार्चपूर्वी गाठावे, कारण एप्रिल-मे महिन्यांत ते हापूसच्या बागेत असतात आणि फोन घरातले कोणीतरी उचलते.