तळघरातलं 'प्रॉस्पेरस'

'प्रॉस्पेरस' या आयरिश लोकसंगीताच्या रेकॉर्डच्या कव्हरवर नाव गायक क्रिस्टी मूर या एकट्याचं आहे. पण पहिलंच गाणं लावा आणि शब्द संपल्यावर काय होतं तिकडे कान द्या. 'रॅगल टॅगल जिप्सीज' गाऊन क्रिस्टी गप्प होतो आणि लियम ओ'फ्लिनचे इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप्स, एक सतराव्या शतकातली हार्पची धून उचलतात. हे पाइप्स तोंडाने फुंकत नाहीत. कोपराखाली भाता असतो, त्याने हवा भरायची. आवाजाला स्कॉटिश पाइप्सचा कर्कशपणा नाही. मींड घेतल्यासारखा तो एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतो. या एका वळणासाठी मी अख्खी रेकॉर्ड पदरात घेईन.

क्रिस्टी किल्डेअर परगण्यातल्या न्यूब्रिजचा, जन्म १९४५. बँकेत कारकुनी करत होता. १९६६ मध्ये बँकांचा संप झाला, तसा इंग्लंडला गेला आणि तिथल्या फोक क्लबांतून गात राहिला. १९६९ मध्ये पहिली रेकॉर्डही आली. पण हवे तसे साथीदार मिळाले ते १९७१ मध्ये, गावाकडे परतल्यावर. न्यूब्रिजपासून जवळच प्रॉस्पेरस नावाचं गाव आहे. तिथल्या एका जुन्या घराच्या तळघरात निर्माता बिल लीडरने हे सगळं रेकॉर्ड केलं. बाहेर आलं १९७२ मध्ये. ओ'फ्लिन, डोनल लनी, अँडी अर्विन आणि क्रिस्टी या चौघांचाच पुढे 'प्लँक्स्टी' हा बँड झाला.

'जिप्सीज' क्रिस्टीला मिळालं जॉन रायलीकडून. हा आयर्लंडच्या भटक्या ट्रॅव्हलर समाजातला गायक, १९६९ मध्येच वारला. गाणं त्याच्या गळ्यातून आलंय हे क्रिस्टी विसरत नाही: उगाच हरकती नाहीत, गोष्ट सांगत पुढे जायचं. 'स्पॅन्सिल हिल'ही असंच साधं आणि छान.

'ट्रिब्यूट टू वुडी' आणि 'लडलो मॅसॅकर' ही अमेरिकन गाणी मात्र मला उपरी वाटतात. कोलोरॅडोतल्या खाणकामगारांच्या हत्याकांडाबद्दलचा राग खरा असेल, पण तो उसना आहे. हाच माणूस १९८५ च्या 'ऑर्डिनरी मॅन' या रेकॉर्डमध्ये डब्लिनच्या स्टारडस्ट नाइटक्लबच्या आगीवर गातो, तेव्हा फरक कळतो. १९८१ च्या त्या आगीत ४८ तरुण गेले. गाण्याने कोर्टाचा अवमान झाला असा निकाल लागला आणि ते काढून त्याजागी दुसरं घालावं लागलं.

'जिप्सीज' प्लँक्स्टीच्या १९७३ च्या पहिल्या रेकॉर्डवरही आहे, आणि तिथली बांधणी जास्त रेखीव आहे. तरी मी 'प्रॉस्पेरस'चंच आधी लावतो. इथे कुणालाच अजून माहीत नाही की आपला बँड होणार आहे, त्यामुळे जो तो दुसऱ्याचं ऐकत वाजवतोय. पाचपैकी चार तारे. एक त्या दोन अमेरिकन गाण्यांपायी गेला.